सॅक्सोफोनचा माउथपीस कशाचा असावा? पदार्थाची दंतकथा आणि रबराचा विसरलेला इतिहास

१/
सॅक्सोफोन शिकू लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. माउथपीस एबोनाइटचा घ्यावा, धातूचा की प्लॅस्टिकचा? उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात. धातूचा स्वर टोकदार, एबोनाइटचा मऊ आणि गोलाईचा, प्लॅस्टिकचा म्हणजे नवशिक्यांची तडजोड. ही विधाने इतक्या ठामपणे केली जातात की ती निसर्गनियम वाटावीत. या धाग्याचे प्रतिपादन वेगळे आहे. या समजुतींचा उगम ध्वनिशास्त्रात नसून इतिहासात आहे. आणि ज्या इतिहासातून त्या आल्या, त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग सांगितलाच जात नाही.

२/
सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असले तरी त्याची गणना काष्ठवाद्यांच्या कुळात होते, कारण त्याचा स्वर रीडमधून उपजतो. बोरूसारख्या जाड गवताच्या काडीपासून कापलेली ही पातळ पट्टी माउथपीसच्या सपाट बाजूवर लिगेचरने आवळलेली असते. वादक फुंकतो तेव्हा रीडचे टोक दर सेकंदाला शेकडो वेळा उघडते-मिटते आणि वाद्याच्या नळीतील हवा कंप पावू लागते. श्रोत्याला ऐकू येतो तो या हवेचा कंप; पितळेचा नव्हे, माउथपीसच्या भिंतींचाही नव्हे. मुद्दा साधा आहे, पण पुढच्या साऱ्या वादाची गुरुकिल्ली त्यातच आहे.

३/
माउथपीसचा स्वभाव प्रामुख्याने चार गोष्टींनी ठरतो. टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात राहणारी फट. त्या टोकापासून रीड पूर्ण टेकेपर्यंतचा वळसा, ज्याला फेसिंग म्हणतात. आतल्या छताचा उतार, म्हणजे बॅफल. आणि त्यामागची पोकळी, म्हणजे चेंबर. टेनर सॅक्सोफोनमध्ये ही फट साधारणतः २ ते ३ मिलिमीटर असते, आणि तिच्यातला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा फरकही अनुभवी वादकाच्या ओठांना लगेच जाणवतो. बॅफल उंच असेल तर स्वर टोकदार होतो. पोकळी मोठी आणि गोल असेल तर त्याला गोलाई येते. या यादीत पदार्थाचे नाव अद्याप आलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

४/
आता मूळपुरुषाकडे. आदोल्फ साक्सचा जन्म १८१४ साली दीनां या गावी झाला. ते आज बेल्जियममध्ये आहे. वडील शार्ल-जोझेफ स्वतः वाद्ये घडवणारे. पॅरिसमध्ये स्थायिक झाल्यावर १८४५च्या एप्रिलमध्ये शाँ द मार्सच्या मैदानावर त्याच्या वाद्यांनी सजलेला बँड आणि जुन्या धाटणीचा लष्करी बँड यांचा जाहीर सामना झाला, आणि साक्सच्या बाजूची सरशी झाली. पुढच्याच वर्षी, १८४६ साली, त्याला सॅक्सोफोनचे पेटंट मिळाले. प्रतिस्पर्ध्यांनी कज्जे लावले, तीनदा दिवाळे निघाले, पण वाद्य टिकले.

५/
साक्सच्या काळातले माउथपीस लाकडाचे होते. यामागे स्वराविषयीचा काही गूढ सिद्धान्त शोधण्याचे कारण नाही. तो क्लॅरिनेट घडवणाऱ्यांच्या परंपरेतून आला होता आणि त्या परंपरेला लाकूड कातणे अवगत होते. त्याच्या माउथपीसचे खरे वैशिष्ट्य होते आतली प्रशस्त, गोल पोकळी. लाकडाचा दोष मात्र सर्वांना ठाऊक होता. श्वासातील ओलाव्याने ते फुगते, वाळताना आकसते, कालांतराने वाकते. रीड जिथे बसते तो पृष्ठभाग केसभर जरी वाकला तरी हवा निसटते आणि स्वर फाटतो.

६/
याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे दुसरा एक कर्जबाजारी संशोधक धडपडत होता. चार्ल्स गुडइयर. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, हिवाळ्यात ठिसूळ. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला आढळले की गंधक मिसळून उष्णता दिली तर रबर स्थिर, लवचीक आणि टिकाऊ होते. १८४४ साली त्याला अमेरिकी पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकनेही हाच मार्ग धरला होता. गंधकाचे प्रमाण बरेच वाढवले आणि तापवण्याचा काळ लांबवला की लवचिकता संपून काळा, कठीण, चकाकणारा पदार्थ तयार होतो. त्याचे अमेरिकी पेटंट गुडइयरचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली घेतले. हेच एबोनाइट, एबनी या काळ्या लाकडासारखे दिसते म्हणून हे नाव.

७/
१८५१ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात गुडइयरने रबराच्या वस्तूंचे आख्खे दालन उभे केले होते. त्याच काचेच्या छपराखाली साक्सची वाद्येही मांडलेली होती. वाद्यांच्या परीक्षकमंडळात संगीतकार बेर्लिओझ होता. साक्स आणि गुडइयर दोघांनाही प्रदर्शनाचे सर्वोच्च पदक मिळाले. वाद्य आणि त्या वाद्याच्या तोंडी पुढे बसणारा पदार्थ एकाच छपराखाली होते. त्यांची सांगड मात्र पुढच्या काळाने घातली.

८/
एबोनाइट वाद्यकारांना आवडले ते कारागिराच्या कारणांसाठी. ते लेथवर स्वच्छ कातता येते, कानशीने अचूक घासता येते, ओलाव्याने फुगत नाही, लाकडासारखे वाकत नाही, दातांखाली धातूसारखे थंडगार लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते क्लॅरिनेटच्या माउथपीसमध्ये रुळले, विसाव्या शतकाच्या आरंभी सॅक्सोफोनमध्येही. थोडक्यात, एबोनाइटने लाकडाला हटवले ते अधिक मधुर म्हणून नव्हे, तर अधिक आज्ञाधारक म्हणून. कारागिराने दिलेला आकार ते टिकवून धरते. मापावर जगणाऱ्या वस्तूसाठी हाच गुण मोलाचा.

९/
या पदार्थात किती पैसा गुंतला होता याची कल्पना दंतवैद्यकाच्या इतिहासावरून येते. कृत्रिम दातांच्या कवळ्या एबोनाइटच्या बनू लागल्या आणि सामान्य माणसाला प्रथमच परवडू लागल्या. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने मात्र पेटंटच्या जोरावर अमेरिकेतील दंतवैद्यांकडून परवानाशुल्क वसूल केले आणि न देणाऱ्यांवर खटले भरले. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याची एका संत्रस्त दंतवैद्याने गोळी घालून हत्या केली. ज्याला आज ‘मऊ स्वराचा पदार्थ’ म्हणून गोंजारले जाते, त्याचा पूर्वेतिहास असा आहे.

१०/
आणि तो एवढ्यावर थांबत नाही. एबोनाइटला गंधक लागते, आणि रबर लागते. रबर यायचे कोठून? एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने ॲमेझॉनच्या जंगलातून. हेवेआ झाडाच्या सालीला चिरा देऊन चीक गोळा करणारे मजूर उधारीच्या सापळ्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकत. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, सायकली आणि मोटारी धावू लागल्या आणि रबराची भूक एकदम वाढली. ती भागवण्यासाठी जग दुसऱ्या एका जंगलाकडे वळले.

११/
ते जंगल काँगोचे. साक्सचा जन्म ज्या भूमीत झाला, त्या बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ पासून ‘काँगो फ्री स्टेट’चा व्यक्तिगत मालक होता. तेथे रबर रानवेलींतून मिळे. गावागावांवर रबराचा कोटा लादला गेला. तो भरला नाही तर स्त्रियांना ओलीस ठेवले जाई, गावे जाळली जात, माणसे मारली जात. खर्ची पडलेल्या काडतुसांचा हिशेब देण्यासाठी सैनिक तोडलेले हात सादर करत. जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. त्यांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

१२/
हे जगासमोर आले ते कागदपत्रांच्या चिकाटीने केलेल्या वाचनातून, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भाग मुद्दाम पाहावा. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्पच्या धक्क्यावर त्याच्या लक्षात आले की काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरभरून येते, पण परतीच्या जहाजांत व्यापारी माल जवळजवळ नसतो. जातात त्या बंदुका आणि काडतुसे. ज्या मालाच्या मोबदल्यात काही जात नाही तो माल सक्तीच्या श्रमाचाच असणार, हा त्याचा निष्कर्ष. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. १९०८ साली लिओपोल्डला काँगो बेल्जियन सरकारच्या हवाली करावा लागला.

१३/
केसमेंट पुढे ॲमेझॉनच्या पुतुमायो खोऱ्यातही गेला. तेथे लंडनमध्ये नोंदलेली पेरूव्हियन ॲमेझॉन कंपनी आदिवासींवर तसलेच अत्याचार करत होती. त्याचा तो अहवाल १९१२ साली प्रकाशित झाला. दरम्यान हेन्री विकहॅमने १८७६ साली ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात आणलेल्या सुमारे ७०,००० बियांतून उगवलेली रोपे सिलोन आणि मलायात पोहोचली होती. विसाव्या शतकात मळ्यांचे रबर जंगली रबराला मागे टाकून गेले. मलायातील त्या मळ्यांवर राबण्यासाठी तमिळ मुलखातून मजूर नेले गेले. या इतिहासाचा एक धागा असा भारतातूनही जातो.

१४/
येथे एक खबरदारी आवश्यक आहे. अमुक एक माउथपीस काँगोच्या रबराचा होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. माउथपीसला लागणारे रबर टायरच्या तुलनेत नगण्यच. पण एखाद्या पदार्थाची निवड जेव्हा केवळ ‘स्वराच्या मऊपणा’ने समजावली जाते, तेव्हा तो पदार्थ बाजारात उपलब्ध का होता, स्वस्त का होता, कोणाच्या श्रमावर होता, हे प्रश्न गळून पडतात. दंतकथेचे हेच काम असते. ती खोटे सांगतेच असे नाही. पण ती जागा अडवून बसते.

१५/
आता धातूकडे. १९२०च्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचे अक्षरशः वेड पसरले. इंडियानातील एल्कहार्ट गावातून कॉन आणि बुशर यांची वाद्ये घरोघरी पोहोचली. नृत्यगृहे मोठी झाली, बँड मोठे झाले. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या रांगेपुढे बसलेल्या सॅक्सोफोनवादकाला स्वतःचा आवाज पोहोचवणे भाग होते. याच काळात न्यूयॉर्कमध्ये ऑटो लिंक याने माउथपीस बनवायला घेतले. त्याचे धातूचे माउथपीस पुढे टेनरवादकांच्या पिढ्यांनी वापरले. जॅझ म्हणजे धातू, हे समीकरण येथून डोक्यात बसले.

१६/
पण समीकरण मांडताना एक गोष्ट नजरेआड होते. धातू मजबूत असल्याने भिंत पातळ ठेवता येते. म्हणून धातूचा माउथपीस बाहेरून सडपातळ असतो आणि तोंडात वेगळा बसतो. शिवाय धातूचे पुष्कळसे माउथपीस मुळात मोठ्या आवाजासाठीच आखले गेले. त्यांचा बॅफल उंच, पोकळी लहान, फट मोठी. स्वर टोकदार आला तो या मापांमुळे. श्रेय मात्र धातूला मिळाले. दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात म्हणून एकीला दुसरीचे कारण ठरवणे, ही चूक इतिहासलेखनातही नवी नाही.

१७/
पुरावा ध्वनिमुद्रणांतच आहे. बेन वेब्स्टर आणि जॉन कोल्ट्रेन, दोघेही टेनरवादक, दोघांच्याही तोंडी ऑटो लिंकचा धातूचा माउथपीस. वेब्स्टरचा स्वर म्हणजे कानाशी कुजबुज. स्वराच्या शेवटी श्वासच उरावा इतका मऊ. कोल्ट्रेनचा स्वर पोलादी, सरळ, वेध घेणारा. पदार्थ स्वर ठरवत असता तर या दोघांच्या स्वरांत काही नाते दिसायला हवे होते. दिसतो तो जमीनअस्मानाचा फरक.

१८/
आता उलट बाजूने पाहावे. कॅननबॉल ॲडर्ली आणि पॉल डेझमंड, दोघेही अल्टोवादक, दोघांचेही माउथपीस एबोनाइटचे. पहिल्याचा मेयर, दुसऱ्याचा ग्रेगरी. १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये ॲडर्ली आहे आणि डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’मध्ये डेझमंड. एकाचा स्वर भरगच्च, उसळता, हसरा. दुसऱ्याचा विरळ, कोरडा, जवळजवळ पारदर्शक. तेच वाद्य, तोच पदार्थ, तेच वर्ष. ‘एबोनाइटचा स्वर’ म्हणून जे सांगितले जाते, ते या दोघांपैकी नेमके कोणाचे?

१९/
प्लॅस्टिकची कथा तर प्रतिष्ठेच्या कल्पनाच उलट्या करणारी आहे. आर्नल्ड ब्रिलहार्टचे पांढरे प्लॅस्टिकचे माउथपीस चार्ली पार्करने वापरले. लंडनमध्ये हेक्टर सोमारुगाने तर ग्राफ्टन नावाचा, अंगही ॲक्रिलिकचे असलेला अल्टो बनवला. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमधील प्रसिद्ध मैफिलीत पार्करच्या हाती हाच प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता. ऑर्नेट कोलमननेही ग्राफ्टन घेतला, कारण तोच परवडत होता. आणि त्याच वाद्यावर त्याने जॅझची घडी मोडून नवी बसवली.

२०/
पार्करचे ते वाद्य १९९४ साली लंडनमध्ये लिलावात निघाले. कॅन्सस सिटीने आपल्या संग्रहालयासाठी ते ९३,५०० पौंडांना घेतले. स्वस्त म्हणून हिणवल्या गेलेल्या पदार्थाला ही किंमत मिळाली ती ज्याने तो हाती धरला त्या माणसामुळे. आणि मॅसी हॉलचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला, आधी सांगितले नाही, तर ते वाद्य प्लॅस्टिकचे आहे अशी शंकाही येणार नाही.

२१/
शास्त्राचे म्हणणेही ऐकावे. जॉन कोल्टमन या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने १९७१ साली बासरीवर केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. आतून एकाच मापाच्या तीन बासऱ्या: पातळ चांदीची, जाड तांब्याची आणि लाकडाची. ऐकणाऱ्यांना त्या दिसत नव्हत्या. वाजवणाऱ्यांनाही हाती कोणती आहे हे कळू नये अशी योजना होती. कोणालाही पदार्थ ओळखता आला नाही. जॉन बॅकसने त्याआधी, १९६४ साली, काष्ठवाद्यांच्या भिंतींच्या कंपनाविषयी प्रसिद्ध केलेले संशोधनही याच दिशेचे होते.

२२/
आक्षेप रास्त आहे: इतके अनुभवी वादक खोटे बोलतात काय? नाही. वादकाचे वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात आणि कंप कवटीच्या हाडांतून थेट त्याच्या कानापर्यंत जातो. वजन, जाडी, तोंडाची उघडीक, जिभेला लागणारा थंडपणा, यांनीही त्याचे फुंकणे बदलते. म्हणजे वादकाला फरक जाणवतो तो खरा, आणि त्या जाणिवेने त्याचे वादनही बदलू शकते. पण तो फरक समोर बसलेल्या श्रोत्यासाठी पदार्थाने निर्माण केलेला आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. साक्षीदार प्रामाणिक असणे आणि साक्षीचा अर्थ बरोबर लागणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

२३/
या वादात सर्वांत बोलके उदाहरण सिगुर्ड राशरचे. १९३४ साली ग्लाझुनोवने आपला सॅक्सोफोन कॉन्चेर्टो याच्यासाठी लिहिला. राशर आयुष्यभर सांगत राहिला की आधुनिक माउथपीसांनी साक्सचा मूळ स्वर घालवला. पण मूळ स्वर परत आणण्यासाठी त्याने आग्रह धरला तो लाकडाचा नव्हे, तर मोठ्या, गोल पोकळीचा. त्याच्या नावाने निघणारे माउथपीसही लाकडी नाहीत. परंपरेचा इतका कडवा रक्षकसुद्धा जे जपायचे ते पदार्थात नसून आकारात आहे, हे ओळखून होता.

२४/
महाराष्ट्रातील वाचकाला हे समजायला मिरजेपर्यंत जाणे पुरे. तंबोऱ्याची घोडी पूर्वी हस्तिदंताची, मग हाडाची, शिंगाची, लाकडाची आणि आता कृत्रिम पदार्थांचीही होते. पण जवारी काढणारा कारागीर ज्यावर तासन्‌तास कानस चालवतो तो असतो पृष्ठभागाचा उतार. तार त्या उतारावर कशी घासते यावर स्वराचा झंकार ठरतो. चांगला पदार्थ तो उतार अधिक काळ टिकवतो, लवकर झिजत नाही. त्याचे मोल आहे ते एवढ्याचसाठी. माउथपीसचेही गणित बरेचसे असेच आहे.

२५/
मुंबईशी या वाद्याचे नाते जुने आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी बँडनायकाचा चमू ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. नोटेशन शिकून आलेले गोव्याचे वादक नृत्यबँडांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोनचा स्वर घेऊन आले. लग्नाच्या वरातीतल्या बँडनेही तो गल्लोगल्ली पोहोचवला. या वाद्याची जाण आपल्याकडे पिकली ती मंडपात, स्टुडिओत, रस्त्यावर. तिला कॅटलॉगमधल्या विशेषणांची गरज पडली नव्हती.

२६/
मग निवड कशी करावी? नवशिक्याने मध्यम फटीचा, नीट घासलेला माउथपीस घ्यावा. तो प्लॅस्टिकचा असला तरी बिघडत नाही. यामाहाचा ४सी हा साधा माउथपीस कृत्रिम राळेचाच असतो आणि असंख्य विद्यार्थी त्यावरच घडले आहेत. फट आणि फेसिंगची मापे समजून घ्यावीत, शक्य असल्यास डोळे मिटून आणि दुसऱ्याला ऐकायला बसवून तुलना करावी. एबोनाइट उन्हात ठेवू नये, गरम पाण्याने धुऊ नये; ते हिरवट-तपकिरी पडते आणि गंधकाचा वास येतो. पितळेच्या माउथपीसवरील मुलामा उडाला तर तो पुन्हा चढवून घ्यावा, कारण कातकामाच्या पितळेत थोडे शिसे असते. धातूच्या नावावर कित्येक पट पैसे मोजण्यापूर्वी ते पैसे रीड आणि शिकवणी यांवर खर्च करता येतील का, हे पाहावे.

२७/
पदार्थाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. लाकूड वाकते म्हणून गेले, एबोनाइट माप धरते म्हणून आले, धातू पातळ करता येतो म्हणून रुळला, प्लॅस्टिक साच्यात ओतता येते म्हणून पसरले. पदार्थाने कारागिराचे हात बदलले, बाजार बदलला, दूरच्या जंगलांतल्या माणसांचे जगणे उद्ध्वस्त केले. इतिहासात पदार्थ हे खरे आणि प्रचंड कारण आहे. श्रोत्याच्या कानापाशी मात्र त्याचे कर्तृत्व फारच थोडे उरते.

२८/
प्रचलित समज याच्या नेमका उलट आहे. जेथे पदार्थाने फारसे काही केले नाही, तेथे त्याला सारे श्रेय दिले जाते; जेथे त्याने सर्वस्व उलटेपालटे केले, तेथे त्याचे नावही निघत नाही. एखाद्या जुन्या एबोनाइटच्या माउथपीसकडे पाहताना ‘याचा स्वर कसा’ याबरोबरच ‘याचे रबर कोठून आले असेल’ असेही विचारले जावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वादकाच्या श्वासात आणि कारागिराच्या कानशीत आहे. दुसऱ्याचे उत्तर बंदरांच्या नोंदवह्यांत आणि वकिलातींच्या अहवालांत आहे, आणि ते वाचणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.